खैरदरीची तूट

१४ मार्च

पाण्याचा हिशेब जुळत नाही आणि चोर शोधून काढायचं काम समितीने माझ्यावर टाकलं आहे, म्हणून ही वही. मला रोजनिशीची सवय नाही. वसतिगृहात रेक्टर होते तेव्हा मुलींच्या येण्याजाण्याच्या नोंदी लिहायचे. त्यात स्वतःबद्दल लिहायला रकाना नव्हता, ते बरं होतं. पण खैरदरीत आज एक सांगतात आणि आठवड्याने दुसरं. कोण काय म्हणालं ते त्याच दिवशी लिहून ठेवलेलं बरं.

तलाव लहान आहे. बांधाखाली द्राक्षबागा, वर डोंगराच्या अंगाला पाडा. माझ्या यजमानांच्या वाट्याची बाग बांधाखालीच आहे. हे गेल्यापासून गावातला मनोज ती वाट्याने करतो. बागेमुळे मी पाणीवापर संस्थेची सभासद झाले, आणि यंदा अध्यक्षपद बाईकडे द्यायचं होतं म्हणून अध्यक्ष. मनोज सचिव. "बाई, तुम्ही फक्त सही करायची, बाकी मी आहे ना," असं तो तेव्हा म्हणाला होता. मी वाचल्याशिवाय सही करत नाही, हे त्याला पहिल्याच सभेत समजलं.

हिशेब तसा सोपा आहे. तलाव किती उतरला ते पाहायचं. त्यातून शेतांना पाळीपाळीने दिलेलं पाणी वजा करायचं, मग हवेत उडालेलं वजा करायचं. झिरपणं दरवर्षीचं ठरलेलं आहे, तेही काढायचं. खाली काही उरायला नको. यंदा उरतं आहे. आजच्या सभेत सगळ्यांच्या माना एकदम वर पाड्याकडे वळल्या. पाड्याला एकच मोटर आहे, तिच्यावर त्यांचा कारल्याचा मळा.

मी म्हटलं, आधी मोजू, मग बोलू. शहरात गंगापूर रोडला घरी पोचायला अंधार झाला. गुडघे दुखतात.

१८ मार्च

पहिल्या एसटीने खैरदरी. आता आठवड्यातले तीन-चार दिवस बागेतल्या खोलीवरच राहायचं ठरवलं आहे.

तलावाचा राखणदार बद्रुद्दीन. बांधाच्या टोकाला त्याची खोली, तिथे तो आणि त्याची बायको माजिदा. खोलीमागे उडालेलं पाणी मोजायची परात आहे. परात सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणते. चांगली चार फूट रुंद, पत्र्याची, वरून पक्ष्यांसाठी तारेचं झाकण. बद्रुद्दीन रोज सकाळी मापाने पाणी घालून ती खुणेपर्यंत भरतो. जेवढी मापं लागली तेवढं पाणी काल उडालं. शेजारी खांबावर वाऱ्याच्या तीन वाट्या फिरतात. वारा किती झाला ते त्यावरून कळतं.

मी गेले तेव्हा एक शेळी तोंडाने तारेचं झाकण उचलून निवांत पाणी पीत होती.

"हे रोजचं आहे?"

"बाई, शेळ्या ऐकत नाहीत. हाकललं की तेवढ्यापुरत्या जातात."

"शेळ्यांनी ऐकायचं नसतं, बद्रुद्दीन. माणसाने कुंपण घालायचं असतं."

शेळी प्यायली ते पाणी हवेत उडालं म्हणून लिहिलं जातं, आणि तेवढी चोरी हिशेबात झाकली जाते. इतकं साधं कुणाच्या लक्षात आलं नाही. मनोजला लगेच फोन केला. बागेत वाऱ्याने कोवळ्या फुटी मोडू नयेत म्हणून लावतात ती हिरवी जाळी त्याच्याकडे उरलेली आहे. उद्या पाठवतो म्हणाला.

२२ मार्च

जाळी लागली. चारही बाजूंनी, डोक्याच्या वर जाईल एवढी उंच, एका कोपऱ्यात दार. मी उभी राहून बांधून घेतली. आत गेलं की बाहेरच्या धुळीचा त्रास नाही, शेळ्या नाहीत, कुत्री नाहीत. मोजमापाची जागा अशी असावी.

बांधावर उभं राहवत नाही. पलीकडच्या काठाची नीलगिरीची रांग दिवाळीत तोडली, त्यामुळे तो काठ बोडका दिसतो. नीलगिरी पाणी पिते म्हणून आधीच्या समितीने ठराव केला होता. तलाव वाचवायला एवढं तरी केलं. आता थेट पश्चिमेचे डोंगर दिसतात. पदर सांभाळत परत आले. डोळे चुरचुरत होते.

३० मार्च

जाळी लावल्याचा फायदा दिसला. परातीला आता रोज बरंच कमी पाणी लागतं. वाट्याही जेमतेम फिरतात. बद्रुद्दीनने विचारलं, वाऱ्याच्या रकान्यात काय लिहू. मी म्हटलं, वाट्या सांगतात ते. "वारा मंद." हिशेब नव्याने केला. तूट वाढली आहे, जवळजवळ दुप्पट. म्हणजे शेळ्यांच्या नावाखाली इतके दिवस मोठी चोरी दडली होती.

खोलीचं दार दुपारी दोनदा आपटलं. कडीला दोरी बांधून ठेवली.

उन्ह कलल्यावर पाड्यावर गेले. उपशाची मोटर हिरामणच्या नावावर आहे. तो घरी नव्हता. त्याची आई अक्काबाई ओट्यावर नागली पाखडत होती. मला पाहून उठली नाही.

"तू ती जाळीवाली बाय ना?"

"हो."

"चोर शोधाया आली, का चाय प्याया?"

"चोर शोधायला."

"मंग चाय पी आधी. चोर काय पळून नाय जात, मोटर हितंच हाय."

चहा कोरा, गुळाचा. मी सहसा कुणाकडे घेत नाही. मग तिने मळा दाखवला. तारांवर कारल्याचे वेल चढलेले, खाली सावली. हिरामणची बायको सविता एकेक कोवळा शेंडा हाताने वळवून तारेला लावत होती. तिने मान वर केली नाही. अक्काबाईने सांगितलं, पाड्यावरची सात घरं मिळून हा मळा करतात, आणि यंदा पहिल्यांदाच उन्हाळ्यात कुणी खाली मजुरीला गेलेलं नाही. गेल्या वर्षीपर्यंत होळी झाली की पाडा रिकामा होत असे.

"मी एकलीच उरायची," ती म्हणाली. "मी आन् कुत्रं. कुत्र्याला बी कटाळा यायचा माजा."

हे सगळं खरं असेल. चोरीचं कारणही हेच असू शकतं. दोन्ही लिहून ठेवते.

६ एप्रिल

चोर सापडला.

संध्याकाळी बांधावरून चालत होते. पाड्याची पाळी काल संपली, तरी मोटर चालू. सरळ वर गेले. हिरामण वाफ्यात उभा होता. मला पाहून त्याने स्वतःच मोटर बंद केली.

"पाळी कुणाची आज?"

"आमची नाय, बाई."

"मग?"

"फुलं करपू राह्यली. वारा असा सुटलाय का सकाळी पाजलेलं सांजंला सुकतं. एक पाळी जास्ती घेतली. खोटं बोलणार नाय."

"एकच?"

"एकच. आजचीच."

"सापडलास म्हणून एक."

पाय चिखलात होते ते त्याने काढून बांधावर ठेवले. वसतिगृहात तीस वर्षं काढली आहेत. रात्री उशिरा येणारी प्रत्येक मुलगी पहिल्यांदाच उशिरा आलेली असते.

सविता म्हणाली, "बाई, वेलाला फळं धरू लागलीत." एवढंच. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा.

८ एप्रिल

सभा. हिरामणने सगळ्यांसमोर कबूल केलं. मनोज म्हणाला, "एक सापडली म्हणजे दहा असतील." बागवाल्यांनी माना हलवल्या. नियम स्पष्ट आहे: पाळीबाहेर पाणी घेतलं तर समिती पुढचा ठराव करेपर्यंत उपसा बंद. ठराव मी मांडला. विरोधात पाड्याचीच दोन मतं.

मोटरच्या पेटीतल्या फ्यूजच्या तीन किटकॅट मी स्वतः काढल्या. दुसऱ्या कुणावर असलं काम सोपवणं मला आवडत नाही. चिनी मातीच्या आहेत, पर्समध्ये जड लागतात. पेटीला कुलूप लावून किल्ली अध्यक्षाकडे ठेवायची पद्धत आहे, तीही माझ्याकडे आहे.

अक्काबाई ओट्यावर बसलेली होती. "झालं का तुजं काम?" मी हो म्हटलं. खाली उतरताना दोनदा बसावं लागलं.

९ एप्रिल

पल्लवीचा पुण्याहून फोन. "आई, या वयात तुला हे भांडण कशाला? बाग विकून टाक आणि इकडे ये." मी म्हटलं, काम संपलं आहे, चोर सापडला. "मग आवाज असा का येतोय?" म्हणाली. उन्हात फिरल्याने घसा बसला आहे, असं सांगितलं.

१७ एप्रिल

आज वर गेले ते वेल पाहायला नाही, पेटीचं कुलूप जागेवर आहे ना ते पाहायला. वेल दिसले. पानं दुपारच्या उन्हात माना टाकतात तशी सकाळीच टाकलेली. बुडाशी पिवळी.

पाड्यावर सामसूम. सायखेड्याकडे कांदा काढणीला माणसं हवी होती, मुकादमाने टेम्पो पाठवला. हिरामण, सविता आणि बाकीची घरं परवा गेली. अक्काबाई होती.

"गेली सगळी?"

"तूच तर धाडली."

"मी कुणाला जायला सांगितलं नाही."

"पाणी नाय मंग काय, तुजी वाट बघत बसू?" मग थोड्या वेळाने, "चाय टाकू?" मी नको म्हटलं. काम होतं.

काम हे होतं: उपसा बंद होऊन आठवडा उलटला. तूट थांबायला हवी होती. बद्रुद्दीनकडून आकडे घेतले, दोनदा मांडले. थांबलेली नाही. वाढली आहे.

हिरामण नसेल, तर कोण? रात्री डोकं दुखेपर्यंत विचार केला. उपसा बंद आहे. म्हणजे पाणी खालून जातं आहे. खाली बागा आहेत.

२० एप्रिल

सगळ्या बागांचे वॉल्व्ह पाहून आले. दोन दिवस लागले. कुठेही पाळीबाहेर पाणी सुटलेलं नाही, ओली माती नाही, नवी पाइप नाही. शेवटी मनोजला विचारलं. त्याच्याशी इतक्या वर्षांचे संबंध आहेत, पण विचारायला हवं होतं.

तो हसला. "बाई, तुमच्याच बागेत मी चोरीचं पाणी सोडू?"

"माझ्या बागेत सोडलंस तर ती माझी चोरी ठरेल. म्हणून विचारते."

"म्हणजे आता माझ्यावर आलं का?" तो बाकावरून उठला. "तुम्हाला अध्यक्ष मी केलं."

"ते मला माहीत आहे. उत्तर दे."

"नाही सोडलं. बघा ना तुम्ही, तुम्हाला सगळं दिसतं."

खरंच सोडलेलं नाही. जमीन सांगते. पण त्याच्या तोंडून "तुम्हाला अध्यक्ष मी केलं" हे ऐकायला नको होतं. दिवसभर ते डोक्यात होतं. माझी बाग त्याच्याकडे आहे म्हणून त्याला मी अध्यक्ष हवी होते, की मी शिस्तीची आहे म्हणून, हे कुणाला विचारावं कळत नाही. संध्याकाळी दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही.

२४ एप्रिल

काही नाही. आकडे तेच. सारखं वाटतं काहीतरी डोळ्यासमोर आहे आणि दिसत नाही. चष्मा बदलायला हवा.

२७ एप्रिल

हे नीट लिहायला हवं.

सकाळी परातीकडे गेले तर जाळीच्या आत, मोजमापाच्या जागेत, प्लास्टिकवर कुरडया पसरलेल्या. माझा पारा चढला. माजिदाला हाक मारली. ती बाहेर आली ती माझ्याहून चिडलेली.

"बाई, तुमची ही जाळी काही कामाची नाही. बघा माझ्या कुरडया! परवा घातल्या, खालून अजून ओल्याच. वास यायला लागला."

"इथे घालायला सांगितलं कुणी?"

"धूळ नको म्हणून घातल्या ना. बाकीच्या बांधावर घातल्या होत्या. तिथल्या एका दिवसात खडखडीत. पण निम्म्या वाऱ्याने उचलल्या आणि तलावात टाकल्या." तिने पाण्याकडे हात केला. "मासे खातायत माझी कुरडई. या बद्रुद्दीनला मी म्हटलं, मासा धरून आण, त्याच्या पोटातूनच काढून तळते."

बद्रुद्दीन मान खाली घालून हसत होता.

मी म्हटलं, चीक नीट शिजला नसेल.

"बाई!" तिने कमरेवर हात ठेवले. "लग्न होऊन आले तेव्हापासून करते मी. एकाच पातेल्यातला चीक आहे. अर्ध्या तिकडे घातल्या, अर्ध्या इकडे."

एकच चीक. एकच दिवस, एकच ऊन. मी जाळीच्या आत उभी होते, माझा पदर खांद्यावर स्वस्थ होता. दार उघडून बाहेर पाऊल टाकलं, पदर तोंडावर आला. परत आत गेले. वाट्या थांबलेल्या होत्या.

माजिदा म्हणाली, "काय झालं बाई? पाणी देऊ?"

पाण्यावर ओलसर हवेचा थर बसतो. वारा तो उचलून नेतो आणि जागी कोरडी हवा आणतो, मग आणखी पाणी उडतं. वारा अडवला की थर तसाच बसून राहतो. हे मी कॉलेजात शिकले आहे. भौतिकशास्त्र हाच विषय होता माझा. परीक्षेत या प्रश्नाचं उत्तर लिहिलं होतं, आकृतीसह.

बागेत वारा अडवायला लावतात ती जाळी मी स्वतः उभी राहून वारा मोजायच्या वाट्यांभोवती बांधली. परात जाळीत आहे. तलाव जाळीत नाही.

२८ एप्रिल

खात्री केल्याशिवाय बोलायचं नाही. माजिदाची दोन सारखी पातेली घेतली. दोन्हींत सारखं मापून पाणी. एक जाळीत परातीशेजारी, एक बांधावर उघड्यावर, वर तारेची एकसारखी झाकणं. बांधावरच्या पातेल्याजवळ बद्रुद्दीन दिवसभर बसला. शेळ्या हाकलत राहिला आणि मला म्हणाला, "बाई, मी आता पातेल्याचा पण राखणदार."

२९ एप्रिल

बांधावरच्या पातेल्यातलं पाणी दीडपटीहून जास्त उडालं आहे.

आज पुन्हा तसंच ठेवलं आहे. एका दिवसावर भरवसा ठेवायचा नाही.

१ मे

दुसऱ्या दिवशीही तेच. काल जाळी काढून टाकली. आज परात भरायला बद्रुद्दीनला जवळजवळ दुप्पट मापं लागली. वाट्या गरगर फिरत होत्या, तो त्यांच्याकडे पाहतच राहिला.

मग पलीकडच्या काठावर गेले. नीलगिरीचे बुंधे कापलेल्या जागी नवे धुमारे आले आहेत. तिथे उभं राहून तलावाकडे पाहिलं. वारा डोंगरावरून उतरतो तो आता सरळ पाण्यावर येतो, लाटा बांधाला लागतात. रांग उभी होती तेव्हा या काठाजवळचं पाणी शांत असे, असं बद्रुद्दीन म्हणाला. मलाही आता आठवतं, हे असताना आम्ही इथे सावलीत डबा खात असू आणि कागद उडत नसत. नीलगिरी पाणी पिते, ते खोटं नाही. पण ती वाराही अडवत होती आणि ते कुणी धरलं नाही. म्हणजे यंदा तलावातून आधीपेक्षा जास्त पाणी उडालं, आणि मी परातीला जाळी लावून ते कमी उडालं असं लिहून घेतलं. मधल्या फरकाला आम्ही हिरामण म्हणत होतो.

तिथून पाड्यावर गेले. अक्काबाईला सगळं सांगितलं. तिला परातीचं काही ऐकायचं नव्हतं.

"म्हंजी हिरामण चोर नाय?"

"एका पाळीचा चोर आहे. बाकीचा नाही."

"एका पाळीपायी तू आख्खा मळा वाळवला."

नियम तसा आहे, असं माझ्या तोंडावर आलं होतं. ते बोलले नाही. चहा घेतला नाही. तिने विचारलाही नव्हता.

५ मे

सभा. माझी चूक मी सुरुवातीलाच सांगितली. जाळी कुणी लावली, केव्हा लावली, आकडे कसे बदलले. पातेल्यांचं सांगितलं. मग पाड्याचा उपसा सुरू करण्याचा ठराव मांडला.

मनोज म्हणाला, "बाई, वारा चोर असेल तर वाऱ्याच्या किटकॅट काढून आणा." सगळे हसले. मीही त्याच्या जागी असते तर कदाचित हसले असते.

"हसून झालं असेल तर मत द्या," मी म्हटलं.

"पाटबंधारे कार्यालयातून मोजणीचे साहेब येऊ द्या. ते म्हणाले तर बघू."

"ते पावसाळ्यानंतर येतील. वेल तोवर राहतील का?"

तेव्हा पलीकडच्या गल्लीतले एक म्हातारे बागायतदार, कधी सभेत तोंड न उघडणारे, शांतपणे म्हणाले, "बाई, चोर वारा असू द्या, नाहीतर हिरामण. तळ्यात पाणी तेवढंच. वर दिलं तर खाली कमी पडणार. खरी गोष्ट एवढीच हे. उगी कशाला मोजता?"

कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ठराव पडला. बाजूने पाड्याची दोन मतं आणि माझं.

मार्चमध्ये मी आधी मोजू, मग बोलू म्हटलं होतं. बागवाल्यांनी आधीच मोजलेलं होतं, पण तलाव नाही. परतताना एसटीत बसायला जागा मिळाली नाही. कुणी उठलंही नाही. खांबाला धरून उभी राहिले.

६ मे

झोप नव्हती. सकाळी संस्थेचा नियम पुन्हा काढून वाचला. समितीच्या पाण्यावर समितीचा ठराव चालतो. पण सभासदाला स्वतःच्या वाट्याची पाळी दुसऱ्याला देता येते. द्राक्षवाले आपसात कायम देतात. लग्नकार्य असलं की याची पाळी त्याला. त्यासाठी सभा लागत नाही, लिहून दिलं की झालं. आणि समितीने बंद केला तो पाड्याच्या वाट्याचा उपसा. माझं पाणी मी कुठे न्यायचं, त्याला कुणाची मनाई नाही.

मनोजला बोलावलं. तो आला, बसला नाही.

"मेअखेरपर्यंतच्या माझ्या पाळ्या मी पाड्याला देते आहे."

"बाई, खरड छाटणी झाली आहे." मला समजावताना त्याचा आवाज मऊ झाला. मुलींच्या आयांशी बोलताना माझा होत असे तसा. "आता काडीत घड तयार होतो. आता पाणी तोडलं तर पुढच्या वर्षी बाग नुसता पाला देईल."

"माहीत आहे."

"नुकसान माझंही आहे. वर्षभर मी राबतो तिथे."

"म्हणून आधी तुला सांगते आहे."

"हिरामणने चोरी केली, त्याला पाणी. मी केली नाही, तर माझी बाग वाळवा. हा कसला न्याय?"

मी म्हटलं, "बाग माझी आहे." म्हणजे उत्तर दिलं नाही. तो गेला. जाताना फाटक लावलं नाही. नेहमी लावतो.

संध्याकाळी पल्लवीला कळवलं. ती म्हणाली, "आई, मी विक म्हणत होते. तू वाळवून टाक म्हणते आहेस." मग विचारलं, "जेवलीस का?" हो म्हटलं.

८ मे

बद्रुद्दीनने सायखेड्याला फोन लावून दिला. हिरामण कांद्याच्या ट्रॅक्टरवर होता, मागे आवाज फार. मी सांगितलं ते त्याने दोनदा विचारून घेतलं.

"मंग मी चोर नाय ना, बाई?"

"तो ठराव मागे घेतला गेला नाही. पाणी मात्र देते आहे. माझं."

तो म्हणाला, मुकादमाशी बोली झाली आहे, काम टाकून येता येणार नाही, सविताला पाठवतो. फोन बंद झाल्यावर बद्रुद्दीन म्हणाला, "बाई, वेल राहिले असतील का?" मला माहीत नाही. वर जाऊन पाहायचं धैर्य झालं नाही, असं लिहिलं तरी चालेल. वही माझीच आहे.

९ मे

सविता पहिल्या एसटीने आली. आम्ही दोघी वर गेलो. अक्काबाई आमच्या मागे, काठी टेकत.

वेलांचा पाला खाली पडलेला होता, तारांवर काड्या उरल्या होत्या. सविताने खाली बसून एकेक बुडखा नखाने खरवडला. हिरवा निघाला त्याच्या भोवती माती ओढली. कोरडा निघाला तो उपटून बाजूला टाकला. मला काही विचारलं नाही. मी पण खाली बसून खरवडू लागले. माझ्या नखाला नीट कळत नव्हतं, दोन हिरवे मी उपटले असते. तिने हात धरून थांबवलं. "राहू द्या बाई." टाकलेल्यांचा ढीग मोठा झाला. तिसरा हिस्सा असेल नसेल, तेवढे वेल राहिले. बाकीच्यांच्या जागी पावसाळी काही लावता येईल, ती म्हणाली, पण सात घरं पोसायला ते पुरणार नाही. दोन-तीन परत येतील.

"मीबी येणार, कांदा झाला का," ती म्हणाली. "आत्याबाईंना एकलं किती टाकू?"

अक्काबाई म्हणाली, "मी एकली कुठं? ही येती ना मला चोर धरून दाखवाया."

आज पेटीजवळ दिलं, त्याची नोंद.

सविताच्या हातात: फ्यूजच्या तीन किटकॅट, तिन्ही सुस्थितीत. बसवल्या तिने, मी बाजूला उभी होते. मोटर पहिल्या दाबात चालू झाली.

पाड्याच्या उपशाच्या नावे: खैरदरीच्या माझ्या बागेच्या मेअखेरपर्यंतच्या सर्व पाळ्या. कागद दोन. एक सविताकडे, एक संस्थेसाठी बद्रुद्दीनकडे, त्याचीच साक्ष. अक्काबाईने न सांगता खाली अंगठा उठवला. नियमाप्रमाणे त्याची गरज नव्हती, पण मी खोडला नाही.

मनोजच्या घरी, तो नसताना त्याच्या आईकडे: अध्यक्षपदाचा राजीनामा आणि शिक्का. तिने पिशवीत घालून खुंटीला लावला आणि विचारलं, बाग खरंच वाळणार का. हो म्हटलं.

पेटीला सविताने कुलूप लावलं. किल्ली अध्यक्षाकडे परत द्यायची पद्धत आहे. तिने ती पदराच्या गाठीत बांधली. मी मागितली नाही.